भाव कळला, पुढं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की मोबाईल आणि इंटरनेट आल्यापासून तुमच्या आजूबाजूच्या संस्था कशा बदलल्या, म्हणजे बाजार समिती, ग्रामपंचायत, शाळा, पोलीस, कोर्ट, जे काही तुमच्या रोजच्या संबंधात येतं ते. पत्रं आणि मेसेज इतके आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सहा निवडलेत. काही उत्तरं लांबलीत, कांद्याचं तर जरा जास्तच, पण तो प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून आधी तोच घेते.

प्रश्न: ताई, आम्ही निफाड तालुक्यातले कांदावाले. रोज सकाळी मोबाईलवर लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, येवला सगळीकडचे भाव येतात, तीन-चार ग्रुप आहेत, ॲप आहे. वडलांच्या वेळेला गाडी मार्केटात लागल्यावरच भाव कळायचा. आता घरबसल्या सगळं कळतं पण हातात पडायचं तेवढंच पडतं. मुलगा म्हणतो टेक्नॉलॉजीनं मधले लोक संपणार. मला तर कुणी संपताना दिसत नाही. मग या माहितीचा फायदा नेमका कुणाला?

उत्तर: दादा, यासाठी आधी केरळात जाऊन येऊ. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर, कासरगोड, कण्णूर, कोळिकोड या पट्ट्यात १९९७ ते २००१ मध्ये टप्प्याटप्प्यानं मोबाईलचे टॉवर आले. तिथले तारली पकडणारे मच्छीमार त्याआधी आपापल्या गावच्या किनाऱ्यावरच मासळी उतरवायचे, कारण शेजारच्या बंदरावर भाव काय चाललाय ते समुद्रातून कळायची सोय नव्हती, आणि डिझेल जाळून जाऊन बघावं तर तोवर तिथला बाजार उठलेला असायचा. १४ जानेवारी १९९७ ची नोंद आहे, बडगरा किनाऱ्यावर ११ होड्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही, पकडलेली मासळी फेकायची वेळ आली, आणि त्याच सकाळी १५ किलोमीटरच्या आत दुसऱ्या किनाऱ्यांवर गिऱ्हाइकं मासळी नाही म्हणून रिकामी परत चालली होती. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानं तिथल्या १५ किनाऱ्यांचे भाव काही वर्षं सतत नोंदवले आणि २००७ मध्ये अभ्यास छापला. मोबाईल आल्यावर मच्छीमार होडीतूनच दोन-चार ठिकाणी फोन लावून जिथं भाव बरा तिथं होडी न्यायला लागले. त्यांचा नफा साधारण ८ टक्के वाढला, खाणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली आणि रोज ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची ती जवळजवळ थांबली. म्हणजे दोन्ही बाजूंचं भलं झालं, तेही कुठलीही सरकारी योजना नसताना.

हा अभ्यास जगभर गाजला आणि तुमचा मुलगा म्हणतो तेच सगळे म्हणायला लागले. पण पुढचा अभ्यास आपल्याकडचा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. रॉयटर्स या परदेशी वृत्तसंस्थेनं २००७ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी एसएमएसवर भाव, हवामान, पिकाचा सल्ला द्यायची सेवा सुरू केली, रॉयटर्स मार्केट लाइट नावाची. मार्सेल फाफशॉम्प आणि बार्ट मिंटन या दोघांनी आपल्या राज्यातली १०० गावं घेतली, टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन पिकवणारे शेतकरी निवडले, काही गावांत सेवा फुकट दिली, काहींत दिली नाही, आणि वर्षानं दोघांना मिळालेला भाव ताडून बघितला. म्हणावा असा काही फरक निघाला नाही. २०१२ मध्ये तो अभ्यास छापून आला. तुम्ही एका ओळीत जे लिहिलंय तेच त्यांना १०० गावं फिरून सापडलं.

असं का? माझं मत सांगते. फोन दोघांकडे सारखाच. पण फोन ठेवला की मच्छीमार होडीचं तोंड फिरवू शकतो, होडी त्याची, समुद्र मोकळा, आणि दुसऱ्या किनाऱ्यावर त्याला विकू नको म्हणणारं कुणी नाही. तुम्ही मात्र आदल्या रात्री कांदा भरलेला असतो, ट्रॅक्टरचं भाडं ठरलेलं, मजुरी दिलेली, पहाटेपासून रांगेत. लिलावाला व्यापारी मोजके. त्यांचा माणूस येतो, ट्रॉलीत हात खुपसतो, चार कांदे वर काढतो, अंगठ्यानं पात्ती दाबून बघतो, आकडा बोलतो, दोघं-तिघं दहा-वीस रुपयांनी चढतात आणि पुढच्या ट्रॉलीकडे जातात. तुमच्या पूर्ण हंगामाचा हिशोब मिनिटभरात झालेला असतो. वर परत व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतताना आतला कांदा हलका निघाला म्हणून भाव पाडला तर तिथं तुमच्या बाजूनं बोलायला कुणी नसतं. अशा वेळी पिंपळगावात ६० रुपये जास्त निघाले हे खिशातल्या मोबाईलवर कळून काय करणार? भरलेली ट्रॉली घेऊन परत रांग लावायची म्हणजे अजून एक दिवस, अजून भाडं, आणि उद्या तिथला भाव तोच राहील याची काय खात्री.

आणि ज्याच्याकडे गोडाऊन आहे, भांडवल आहे, दिल्लीत आणि बंदरात माणसं आहेत त्याला हीच बातमी सोन्याची आहे. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री कांदा निर्यातबंदीची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवशी नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. ती बातमी रात्रीच तुमच्याही ग्रुपवर आली असणार. पण व्यापारी रात्रीत खरेदी थांबवू शकतो, तुम्ही काढलेला कांदा परत जमिनीत घालू शकत नाही.

म्हणून मधले लोक आपोआप संपणार नाहीत. भाव कळल्यावर थांबता येईल अशी कांदा साठवायची चाळ, चाळीतल्या मालावर उचल देणारी बँक किंवा सोसायटी, लिलावाला जास्त खरेदीदार, आणि खळ्यावर भाव पाडला तर त्याच दिवशी निकाल देणारा बाजार समितीचा माणूस, या चार गोष्टी असतील तर मोबाईलवरच्या भावाला किंमत येते. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम, म्हणजे केंद्र सरकारचा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, सुरू झालं त्यामागचा हेतू जास्त खरेदीदारांचाच होता, पण लांबच्या खरेदीदारानं न बघता बोली लावायची तर मालाची प्रत तपासून लिहून देणारं कुणीतरी विश्वासाचं लागतं, आणि ती सोय उभी करायला ॲपपेक्षा कितीतरी जास्त वेळ आणि माणसं लागतात. बाजार समितीच्या निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना हे चार मुद्दे विचारा. मुलालाही सोबत न्या, त्याला आकडे पाठ असतील तर बरंच आहे.

प्रश्न: मी तार खात्यात नोकरी केली, आता वय ८१. नातवंडं म्हणतात आजोबा तुमच्या काळात काही बदलतच नव्हतं, खरा बदल इंटरनेटनं केला. मला ते पटत नाही पण मुद्देसूद सांगता येत नाही. तुम्ही सांगा.

उत्तर: आजोबा, तुमचंच बरोबर आहे, आणि नातवंडांना हे उत्तर वाचून दाखवा. तारेआधी लंडनहून मुंबईला पत्र यायला महिनाभर लागायचा. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली लाइन झाली, ओ'शॉनेसी नावाच्या डॉक्टरनं टाकलेली, १८५५ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडून तार सगळ्यांसाठी खुली झाली आणि १८७० मध्ये समुद्राखालच्या केबलनं मुंबई थेट लंडनला जोडली गेली. महिन्याचं काम तासांवर आलं. त्यानंतर जे काही झालं, ईमेल, व्हॉट्सअप, त्यानं तासांचे सेकंद केले. मोठी उडी तारेचीच होती.

आणि संस्था किती बदलल्या बघा. मुंबईचा कापूसबाजार आधी बोटीतून येणाऱ्या बातमीवर चालायचा, ज्याला आधी कळलं तो कमावणार. रॉयटर्सनं १८६६ मध्ये मुंबईत ऑफिस थाटलं ते अशा बातम्यांना गिऱ्हाईक होतं म्हणूनच (हो, तेच रॉयटर्स ज्यांनी पुढं शेतकऱ्यांना एसएमएस पाठवले). मग लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कचे भाव रोजच्या रोज यायला लागले आणि त्यातून कुणाच्या डोक्यातही नव्हतं असं एक प्रकरण उभं राहिलं. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद भाव मुंबईत यायचे त्या आकड्यांवर लोक पैसे लावायला लागले. हाच तो आकडा. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं, पण तोवर गिरणगावात त्याची सवय इतकी मुरलेली की १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं आणि १९६४ मध्ये रतन खत्रीनं चिठ्ठ्या-पत्ते काढून आपले आकडे, म्हणजे मटका, सुरू केले. तारेची बातमी गेली, मटका राहिला, आणि किती घरं धुऊन निघाली ते मुंबईतल्या जुन्या लोकांना विचारा.

दुसरं म्हणजे कायदा. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षेसाठी सरकारनं तार अडवावी, वाचावी, हा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ ॲक्टात लिहिलेला. पुढं त्याच कलमावर फोन टॅप झाले, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं टॅपिंगवर बंधनं घातली, आणि इंटरनेट बंद करायचे २०१७ चे नियमही त्याच ॲक्टाखाली केले गेले. कुठं दंगल झाली की नेट बंद होतं आणि आपण वैतागतो, ते इंग्रजांनी तारेसाठी लिहिलेल्या कलमाच्या जोरावर होत होतं. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात कोर्टानं सांगितलं की नेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि तसा आदेश काढला तर तो प्रसिद्ध करावा लागेल, लपवून चालणार नाही. नंतर २०२३ चा नवा दूरसंचार कायदा झाला, त्यातही सेवा बंद करायचा अधिकार सरकारकडे आहेच. म्हणजे यंत्रं चार पिढ्या बदलली आणि कुणी बोलायचं, कुणी थांबवायचं हा प्रश्न १८८५ पासून तिथंच उभा आहे.

अजून एक, तुम्ही लिहिलं नाही पण तुम्हाला ठाऊक असणार. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तोवर सैनिक रजा वाढवायला तारच करत होते, कारण एसएमएसवर युनिटचा विश्वास नव्हता आणि तारेवर सरकारी शिक्का होता. वेगात तार कधीच हरली होती, टिकली ती भरवशावर.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी कराड तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य आहे, महिला राखीव जागेवरून निवडून आले. आमच्या गावचा व्हॉट्सअप ग्रुप आहे, सगळं तिथंच ठरतं. पाणीपट्टी, रस्ता कुठून न्यायचा, जत्रेची वर्गणी. ग्रामसभेला आल्यावर म्हणतात हे तर ग्रुपवर झालं ना, आता कशाला परत. निम्म्या बायका ग्रुपवर नाहीत. हे बरोबर आहे का आणि मी काय करू?

उत्तर: बरोबर नाहीये, आणि कायद्यानं तर अजिबात नाही. ग्रुपवर पन्नास जणांनी अंगठा दाखवला म्हणजे ठराव होत नाही. आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आधी रीतसर नोटीस द्यावी लागते, १५ टक्के मतदार किंवा १०० जण यातला जो आकडा कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ही महिला सभा कितीतरी गावांत फक्त रजिस्टरवर होते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. तुम्ही सदस्य आहात, ती खरोखर भरवायचा आग्रह पहिल्यांदा धरा.

आता यातला बारकावा. ग्रुपचं सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आधी कोतवाल दवंडी द्यायचा ती वस्तीवर पोचायचीच असं नाही, दलित वस्ती, धनगरवाडा, रानातली घरं बऱ्याचदा सुटायची. मुंबई-पुण्यात कामाला गेलेली पोरं आता गावात काय चाललंय ते वाचतात, टँकर आला नाही तर फोटो टाकतात, ग्रामसेवकाला उत्तर द्यावं लागतं. हे चांगलंच आहे. पण ग्रुपचा ॲडमिन कोण? बहुतेक सरपंचांचा माणूस. विरोधात लिहिलं की रिमूव्ह करता येतं, ग्रामसभेतून मतदाराला असं काढता येत नाही. घरात फोन एकच असेल तर तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. आणि ग्रुपवर गप्प बसलेला माणूस हो म्हणतोय, नाही म्हणतोय की त्यानं वाचलंच नाही, हे कळत नाही. सभेत निदान चेहरा तरी दिसतो.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. तिथं निर्णय सर्वसहमतीनं घेतात, एकाचाही आक्षेप असेल तर विषय परत पुढच्या बैठकीला. शिवाय अभ्यासगट आहेत, म्हणजे निर्णय घ्यायच्या आधी लोक बसून विषय समजून घेतात, लागलं तर बाहेरचा जाणकार बोलावतात. हे सगळं वेळखाऊ आहे. पण याच गावानं २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, देशात अगदी सुरुवातीच्या गावांत, आणि २०११ मध्ये बांबू विकायचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हातात आणले. वनखात्यासारख्या ताकदवान खात्याशी वर्षानुवर्षं भांडायचं तर गाव आतून एक असावं लागतं, आणि ती एकी त्या लांबलेल्या बैठकांत तयार झाली असं मला वाटतं.

तुम्ही असं करून बघा. ग्रुपवर विषय कळवू द्या, नकाशा, अंदाजपत्रक, फोटो टाकू द्या, चर्चाही होऊ दे. पण सभेत आधी ग्रामसेवकांना विषय मोठ्यानं वाचायला लावा आणि जे ग्रुपवर नाहीत त्यांना पहिल्यांदा बोलू द्यायचं असा आग्रह धरा. रस्ता कुठून न्यायचा या विषयात तर ज्यांच्या दारातून रस्ता जाणार ती घरं समोर हवीतच. आणि इतिवृत्तात तुमचा आक्षेप लिहून घ्या. ग्रुपवरचं बोलणं उद्या डिलीट होतं, इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येतं.

प्रश्न: शाळेच्या ग्रुपवर रात्री ११ ला माहिती मागतात, सकाळी १० पर्यंत भरा. शिकवायचं कधी? (एक प्राथमिक शिक्षिका)

उत्तर: बाई, तुमचा राग अगदी रास्त आहे. पूर्वी पत्रक केंद्रप्रमुखाकडून फिरत यायला आठवडा लागायचा म्हणून वरचे लोक विचार करून मागायचे, आता मागायला काही खर्च येत नाही म्हणून कुणीही काहीही मागतं. फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहायचा हक्क कायद्यात आणला, आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या शेवटी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर शिक्षक संघटनेनं एक मागणी लेखी लावून धरावी, की जी माहिती एकदा पोर्टलवर भरली ती परत एक्सेलमध्ये मागायची नाही. एवढं जरी झालं तरी बराच वेळ वर्गाला परत मिळेल.

प्रश्न: मी धुळे जिल्ह्यात राहतो. राईनपाड्याची घटना आमच्या भागातून अजून गेलेली नाही. मेसेज पुढं पाठवण्यावर मर्यादा आणली म्हणतात. तेवढ्यानं असं परत होणार नाही का?

उत्तर: ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार. मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथं उतरले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा मेसेजनी आधीच भागात भीती पसरलेली. त्यांच्यातला कुणी एका लहान मुलीशी बोलला असं म्हणत लोकांनी त्यांना धरलं, मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि त्या खोलीतच ते पाचही जण मारले गेले. त्या महिन्यांत देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जाहिरात होती, शेवटी मूल परत आणून देतात तो भाग कापून टाकलेला.

त्याच महिन्यात व्हॉट्सअपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली, मेसेज फॉरवर्डेड असल्याचं दिसायला लागलं, जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीनंच सांगितलं. म्हणजे वेग कमी करता येतो आणि त्याचा उपयोग होतो, हे सिद्ध झालंय. हे आधी का केलं नाही, पाच माणसं जाईपर्यंत का थांबले, हा प्रश्न मला अजून छळतो.

पण मर्यादा पुरेशी नाही. राईनपाड्यात मेसेजनं भीती पेरली, मारलं तर माणसांनीच, आणि ते पाच जण कोण आहेत हे विचारायला लागणारी दहा मिनिटं कुणी दिली नाहीत. भटक्या समाजाच्या माणसाला आपल्या गावात ओळख सांगणारं कुणी नसतं, त्याच्याकडे आधीच संशयानं बघितलं जातं, मेसेज नसतानाही. त्याच सुमारास मालेगावात असाच जमाव जमला होता आणि तिथं पोलिसांनी मधे पडून पाच जणांना वाचवलं. १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टानं झुंडबळींवर निकाल दिला आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी एक पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. तुमच्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, त्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे का, हे पोलीस पाटलांना विचारा. तुमच्या भागात डवरी गोसावी, जोशी, बहुरूपी दरवर्षी कुठल्या महिन्यात येतात हे जुन्या माणसांना माहीत असतं, ते शाळेत मुलांना सांगायला लावा. ओळख असली की अफवेला जागा कमी उरते.

प्रश्न: ताई, माझी आई निवृत्त मुख्याध्यापिका. तिला व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून दोन दिवस घरात बसवून ठेवलं, डिजिटल अरेस्ट म्हणे, आणि ठेवी मोडून पैसे घेतले. एवढी शिकलेली बाई कशी फसली म्हणून नातेवाईक बोलतात, तिनं जेवण सोडलंय. (डोंबिवली)

उत्तर: आधी आईला सांगा की ती मूर्ख ठरलेली नाही. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतीला अशाच लोकांनी ऑनलाइन खोटं सुप्रीम कोर्ट भरवून दाखवलं, खोटे सरन्यायाधीश बसवले आणि ७ कोटी रुपये नेले. ज्यांच्या दिमतीला वकील असतात ते फसले तिथं आपण घरात एकट्या बसलेल्या बाईला काय बोलायचं.

आणि ही माणसं कायद्याला मानणारी आहेत म्हणूनच फसतात. तुमच्या आईनं आयुष्यभर सरकारी पत्राला मान दिला, साहेबांनी बोलावलं की वेळेवर गेल्या. पूर्वी सरकार ओळखायच्या खुणा ठरलेल्या होत्या, इमारत, शिक्का, दारात आलेला हवालदार, हातात दिलेलं समन्स. कोविडमध्ये कोर्टं खरंच व्हिडिओवर चालली, जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ईमेलसोबत व्हॉट्सअपवरही नोटीस पाठवायला परवानगी दिली, तेव्हा ती गरजच होती. पण त्यामुळं खाकी शर्ट, मागं अशोकस्तंभ आणि शिक्का मारलेला पीडीएफ एवढ्यावर सरकार ओळखायची सवय लागली, आणि या तिन्ही गोष्टी कुणालाही तयार करता येतात. संस्थांनी आपला कारभार पडद्यावर आणला पण खरं-खोटं ओळखायची सोपी सोय लोकांना दिली नाही, ही जबाबदारी त्यांची आहे, तुमच्या आईची नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की पोलिसांनी चौकशीला हजर राहायची नोटीस व्हॉट्सअपवर देऊन चालणार नाही. हे दोन वर्षं आधी सांगितलं असतं आणि गल्लोगल्ली लावलं असतं तर किती जण वाचले असते.

बँकांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका काही तास मोठी रक्कम पाठवू देत नाहीत, ती अडचण वाटते पण कामाची आहे. सत्तरीचा माणूस एकाच दिवशी सगळ्या ठेवी मोडून अनोळखी खात्यात पाठवतोय तर तिथं थांबवून घरच्या माणसाला फोन करायची सोय हवी, खातं उघडतानाच ते नाव लिहून घेता येईल. तुमच्या बँकेला तसं लेखी विचारा, आम्हालाही उत्तर कळवा, पुढच्या अंकात घेऊ.

तक्रार केली नसेल तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतात, वाटेत कुठं अडकलेले असतील तर तेवढे गोठवता येतात, म्हणून जितक्या लवकर कराल तितकं बरं. कॉल आलेले नंबर, पैसे गेले ती खाती, व्यवहारांचे क्रमांक आणि त्यांनी पाठवलेले खोटे कागद काहीही डिलीट करू नका, सायबर पोलीस तेच मागतात. आणि जबाब द्यायला आईला एकटीला पाठवू नका, तुम्ही शेजारी बसा. तिला आठवायला त्रास होईल, पण ते लोक नेमकं काय बोलले, कुठल्या क्रमानं बोलले, हे तिच्याइतकं नीट कुणी सांगू शकणार नाही, ती मुख्याध्यापिका आहे.